मेस्कल : एका सामान्यनामाची मालकी

मेक्सिकोतील हालिस्को राज्याचा दक्षिण भाग कोलिमाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी येतो. तेथील दऱ्याखोऱ्यांतल्या गावांतून काही कुटुंबे आजही अगाव्हे या वनस्पतीचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात, कुटतात, आंबवतात आणि त्यापासून मद्य गाळतात. वडील, आजे, पणजे हेच करीत आले आणि या मद्याला ते मेस्कल म्हणत आले. मात्र १९९४ पासून बाटलीवर 'मेस्कल' हा शब्द छापण्याचा कायदेशीर हक्क या कुटुंबांना नाही. हालिस्को हे राज्य त्या नावाच्या अधिकृत हद्दीत येत नाही. आग्नेयेकडील वाहाका राज्यातील कारागीर तीच कृती करून, प्रमाणपत्र मिळवून, तोच शब्द वापरू शकतो. एखाद्या भाषेतील सामान्यनाम विशेषनाम कसे होते आणि विशेषनाम झाले की त्यावर कोणाची मालकी प्रस्थापित होते, हे पाहण्यासाठी मेस्कलच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात हा इतिहास मद्याच्या चवीच्या अंगाने न पाहता शब्दाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम वनस्पतीविषयी. अगाव्हे आपल्याला सर्वस्वी अपरिचित नाही. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून लावलेले घायपात याच कुळातले. मूळची अमेरिकेतील ही वनस्पती युरोपीयांबरोबर आपल्याकडे आली आणि तिच्या वाखाचे दोर वळले जाऊ लागले. अगाव्हेच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मेक्सिकोत आढळतात. नावात्ल भाषेत तिला 'मेत्ल' म्हणत. स्पॅनिश लोकांनी मात्र कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून ऐकलेला 'मागेय' हा शब्द मेक्सिकोत आणून तिला चिकटवला. पुढे १७५३ मध्ये लिनियसने 'उदात्त' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'अगाव्हे' असे शास्त्रीय नाव ठेवले. म्हणजे जेथे ही वनस्पती उगवते तेथील लोकांचा शब्द, जेत्यांनी दुसऱ्याच जित लोकांकडून उचललेला शब्द आणि युरोपातील विद्वानाने बहाल केलेला शब्द असे तीन थर एकाच पानावर साचलेले आहेत. 'मेस्कल' हा शब्द यांतील सर्वांत जुन्या थराचा. 'मेत्ल' म्हणजे अगाव्हे आणि 'इश्काल्ली' म्हणजे भाजलेले किंवा शिजवलेले. 'मेश्काल्ली' म्हणजे शिजवलेले अगाव्हे. मुळात हे मद्याचे नावच नव्हे, ते खाद्याचे नाव आहे. भाजलेला गोड गाभा चघळून चोथा थुंकायचा, ही प्रथा गाळण्याच्या विद्येपेक्षा कितीतरी जुनी आहे.

गाळलेल्या मद्याच्या आधी मध्य मेक्सिकोत पुल्के होते. विशिष्ट जातीच्या अगाव्हेला फुलोरा येण्याच्या सुमारास त्याचा गाभा कोरून त्यात जमणारा गोड रस गोळा करायचा आणि आंबवायचा. आपल्याकडील ताडी-माडीशी तिचे नाते सहज लक्षात यावे. मायावेल ही या वनस्पतीची देवता. सोळाव्या शतकात नोंदवल्या गेलेल्या कथेनुसार केत्सालकोआत्लने तिला आकाशातून पळवून पृथ्वीवर आणले, पाठलाग करणाऱ्या आजीने तिचे तुकडे केले, आणि केत्सालकोआत्लने पुरलेल्या तिच्या अस्थींतून पहिले अगाव्हे उगवले. पुल्केवर आस्तेक समाजाचे कडक निर्बंध होते. 'कोदेक्स मेंदोसा' या सोळाव्या शतकातील चित्रपोथीत मद्यपानाबद्दल देहदंड भोगणारे तरुण दिसतात आणि सत्तरी गाठलेली वृद्धा मात्र नातवंडांच्या गोतावळ्यात राजरोस पिताना दिसते. सारांश, मद्याला संस्कृतीत एक ठरलेली जागा होती. ती मोकळीक नव्हती आणि निषिद्धताही नव्हती.

गाळण्याची विद्या या प्रदेशात केव्हा आली, हा विद्वानांच्या वादाचा विषय आहे. ती स्पॅनिश लोकांबरोबर, अरबांकडून युरोपात गेलेल्या भभक्याच्या रूपाने आली, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु हेन्री ब्रूमन या भूगोलतज्ज्ञाने विसाव्या शतकात दुसऱ्या वाटेकडे लक्ष वेधले. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतांची ये-जा चाले. त्यांवरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी आणि मजुरांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या कोलिमा प्रांतात नारळाची लागवड केली आणि माडी गाळण्याची आपली पद्धतही रुजवली. पोकळ ओंडका किंवा मडके चुलीवर चढवायचे, त्याच्या तोंडावर थंड पाण्याने भरलेले तांब्याचे घमेले ठेवायचे. वाफ घमेल्याच्या बुडाला लागून थिजते आणि थेंब आत टांगलेल्या लाकडी पळीत किंवा अगाव्हेच्या पातीवर पडून नळीवाटे बाहेर येतात. सिसुंबो-व्हियारेआल आणि कोलुंगा-गार्सियामारिन या संशोधकांनी २००८ मध्ये हीच मांडणी अधिक पुराव्यांनिशी केली : नारळाची दारू गाळणारे हे तंत्र कोलिमाच्या ज्वालामुखीच्या उतारावर स्थानिक भाजलेल्या अगाव्हेला भेटले आणि मेस्कल जन्मले. स्पेहून येणाऱ्या मद्याचा खप घटू नये म्हणून सतराव्या शतकाच्या प्रारंभी नारळाच्या दारूवर बंदीचे हुकूम निघाले. माडाची बाग लपवता येत नाही. दरीतली मडक्याची भट्टी मात्र लपवता येते. १६२१ मध्ये दोमिंगो लासारो दे आरेगी याने नुएव्हा गालिसिया प्रांताचे जे वर्णन लिहिले, त्यात अगाव्हेपासून गाळलेल्या स्वच्छ, तीव्र मद्याची नोंद आढळते. वाहाकातील सांता कातारिना मिनास येथे आजही एकावर एक मडकी रचून, वर पाण्याचे घमेले ठेवून मेस्कल गाळतात.

ही मांडणी ग्राह्य मानली तर एक विपरीत गोष्ट समोर येते. ज्या परिसरात मेस्कलचा जन्म झाला असावा, तोच दक्षिण हालिस्को आणि कोलिमाचा परिसर आज या नावाच्या कायदेशीर नकाशाबाहेर आहे.

या कारागिरीचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे, कारण पुढचा वाद तिच्याविषयी आहे. एस्पादिन ही लागवडीची जात पक्व व्हायला साधारण सात-आठ वर्षे लागतात. तोबाला किंवा तेपेस्ताते या रानटी जातींना त्याहून पुष्कळ अधिक, तेपेस्तातेला तर दोन-अडीच दशकेही लागू शकतात. अगाव्हे आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. म्हणून फुलोऱ्याचा दांडा वर येण्यापूर्वी किंवा येताच तो छाटून साखर गाभ्यात साठू द्यावी लागते. पाती तासल्यावर उरलेला गड्डा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला 'पिन्या' म्हणतात. खड्ड्यात लाकडे पेटवून दगड तापवतात, त्यांवर पिन्या रचून चोथा आणि माती यांनी झाकतात आणि तीन ते पाच दिवस तसेच ठेवतात. या मंद आचेत गाभ्यातील पिष्टासारख्या घटकांचे आंबवता येईल अशा साखरेत रूपांतर होते. मेस्कलला येणारा धुराचा वासही येथलाच. मग बैल, घोडा किंवा खेचर जुंपलेल्या दगडी चाकाखाली गाभा रगडतात. आपल्याकडील चुन्याची घाणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे यंत्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. काही गावांत अजून लाकडी मोगरीनेच कुटतात. लाकडी पिंपात, दगडी कुंडात, क्वचित जनावराच्या कातड्यात तो चोथ्यासकट आंबतो. विरजण कोणी घालत नाही, हवेतील आणि भांड्यातील किण्वच काम करते. त्यानंतर बहुधा दोनदा गाळप होते.

मद्य किती तेज उतरले हे पाहण्यासाठी कारागीर बोरूच्या नळीत ते ओढून घेतो आणि तुंब्याच्या वाटीत सोडतो. त्यावर उठणारे बुडबुडे किती मोठे आहेत आणि किती वेळ टिकतात, यावरून त्याला तीव्रता कळते. या बुडबुड्यांना तेथे 'मोती' म्हणतात. आपल्या भाषेतील 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोगही याच जातीच्या ज्ञानातून आलेला आहे. तो भट्टीवरून उचलला गेला आणि मग भाषेत कुठेही वावरू लागला. अशा ज्ञानाची पोथी नसते. ते डोळ्यांत, बोटांत आणि शब्दांत राहते. भट्टीलाच वाहाकात 'पालेंके', दुरांगोत 'विनाता', हालिस्कोत 'ताबेर्ना' म्हणतात. आणि एकेका जातीच्या अगाव्हेला खोऱ्यागणिक वेगळे नाव आहे. हा शब्दसंग्रह म्हणजे त्या भूप्रदेशाचा लोकांनी केलेला अभ्यासच होय.

आता सत्तेकडे वळू. वसाहतीच्या राज्यकर्त्यांचे मद्याविषयीचे धोरण सदैव दुटप्पी होते : बंदीही घालायची आणि करही घ्यायचा. १६९२ च्या जूनमध्ये मेक्सिको शहरात धान्यटंचाईवरून दंगल झाली तेव्हा पुल्केवर बंदी आली. १६९७ मध्ये ती उठली, कारण महसूल हवा होता. १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसने स्थानिक गाळीव मद्यांवर बंदी आणली. १७९५ मध्ये तेकिला गावच्या कुएर्व्हो घराण्याला मेस्कल गाळण्याचा राजपरवाना मिळाला. त्या काळी तेकिला हे केवळ गावाचे नाव होते आणि तेथील मद्याला 'विनो मेस्कल दे तेकिला', म्हणजे तेकिलाचे मेस्कल-मद्य, असे म्हणत. अनेक मेस्कलांपैकी ते एक. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, अमेरिकेची बाजारपेठ जवळ आली, बाष्पभट्ट्या आल्या आणि या लांबलचक नावातील पहिले शब्द गळून पडले. उरले ते फक्त गावाचे नाव. आपण ज्याला टकीला म्हणतो ते असे सामान्यनामातून फुटून निघालेले विशेषनाम आहे.

नावाची प्रतिष्ठा वाढत गेली तसा त्यामागचा पदार्थ पातळ होत गेला. १९४९ च्या मानकानुसार टकीला पूर्णपणे अगाव्हेची असणे आवश्यक होते. १९६४ मध्ये हे प्रमाण सत्तर टक्क्यांवर आणि १९७० मध्ये एक्कावन्न टक्क्यांवर आणले गेले. उरलेली साखर उसाची चालेल असे ठरले. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, टकीलाला मूळस्थान-नामाचे संरक्षण मिळाले. आपल्याकडील भौगोलिक मानांकनासारखीच ही व्यवस्था. ठरलेल्या प्रदेशाबाहेर हे नाव कोणी वापरू नये, हा तिचा उद्देश. त्यातही केवळ एकाच जातीचे, १९०२ मध्ये वेबर या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव लाभलेले निळे अगाव्हे ग्राह्य धरले गेले. हे अगाव्हे मुळाशी फुटणाऱ्या पिल्लांपासून लावतात, फुलू देत नाहीत. त्यामुळे मैलोगणती शिवारे एकाच रोपाच्या प्रतिकृतींनी भरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रोग पसरला तेव्हा या एकसुरीपणाची किंमत कळली. अगाव्हेच्या फुलांवर जगणाऱ्या आणि त्यांचे परागण करणाऱ्या वटवाघळांनाही त्याची झळ पोचली. शेतातील काही टक्के रोपे फुलू द्यावीत, अशी मोहीम रोद्रिगो मेदेयिन या प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने नंतर सुरू झाली. दरम्यान २००६ मध्ये तेकिलाचा निळा भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

टकीलाच्या यशाकडे पाहून १९९४ मध्ये मेस्कललाही हाच कित्ता देण्यात आला. परंतु एक मूलभूत फरक दुर्लक्षिला गेला. तेकिला हे स्थळाचे नाव होते. त्याला सीमा आखणे तर्काला धरून होते. मेस्कल हे स्थळाचे नाव नव्हतेच. ते कृतीचे नाव होते, आणि ती कृती मेक्सिकोच्या कित्येक राज्यांत चालत होती. कृतीला नकाशा आखल्याबरोबर वाहाका, गेरेरो, दुरांगो, सान लुइस पोतोसी आणि साकातेकास ही पाच राज्ये आत आली आणि बाकीचे कारागीर एका रात्रीत उपरे ठरले. पुढे काही राज्यांची भर पडली. मिचोआकानला २०१२ पर्यंत, पुएब्लाला २०१५ पर्यंत थांबावे लागले. काहींना वेगळी नावे मिळाली. सोनोरातील बाकानोरा १९१५ मध्ये राज्यपाल काय्येसच्या हुकुमाने बंद झाली होती, ती १९९२ मध्ये कायदेशीर झाली आणि २००० मध्ये तिला स्वतःचे संरक्षण मिळाले. हालिस्कोच्या पश्चिमेकडील रायसिया या मद्याला ते २०१९ मध्ये मिळाले. 'रायसिया' म्हणजे लहानसे मूळ. मेस्कलवरचा कर चुकवण्यासाठी कारागिरांनी हे निरुपद्रवी नाव घेतले, असे सांगितले जाते. म्हणजे पूर्वी लोक सरकारपासून लपण्यासाठी नाव बदलत. आता सरकारच लोकांना नाव बदलायला सांगू लागले.

हे सांगणे कोणत्या थराला गेले, याची दोन उदाहरणे भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावीत अशी आहेत. २०११ मध्ये असा प्रस्ताव आला की संरक्षित प्रदेशाबाहेरच्या उत्पादकांनी 'अगाव्हे' हा शब्ददेखील वापरू नये. त्यांनी वनस्पतिशास्त्रातील कुलनाम लिहावे. लिनियसने लॅटिनमध्ये साऱ्या जगासाठी ठेवलेले नाव काही उत्पादकांपुरते राखून ठेवण्याचा हा प्रयत्न विरोधामुळे फसला. २०१५ मध्ये दुसरा प्रस्ताव आला. प्रदेशाबाहेरच्या अगाव्हे-मद्याला 'कोमिल' म्हणावे, असे त्यात सुचवले होते. शब्द नावात्ल वळणाचा होता, पण कोणत्याही गावात, कोणत्याही भट्टीवर कोणी आपल्या मद्याला कोमिल म्हणत नव्हते. ज्यांच्या तोंडी खरा नावात्ल शब्द शतकानुशतके आहे, त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा आणि बदल्यात कार्यालयात घडवलेला नावात्ल शब्द द्यायचा, असा हा व्यवहार होता. कारागीर, अभ्यासक आणि ग्राहक यांनी मोठा विरोध केला आणि २०१७ च्या अंतिम मानकातून कोमिल वगळले गेले. मेस्कल हा शब्द मात्र परत मिळाला नाही.

साहित्याच्या वाचकाला येथे दोन लेखक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. माल्कम लाउरीच्या 'अंडर द व्होल्केनो' (१९४७) या कादंबरीत मेस्कल म्हणजे ब्रिटिश कॉन्सलच्या सर्वनाशाची अखेरची पायरी आहे. परक्याच्या नजरेतून ते एक विवर दिसते. हुआन रुल्फो हा मात्र दक्षिण हालिस्कोचाच लेखक. त्याच्या 'लुविना' (१९५३) या कथेत एक थकलेला माजी शिक्षक लुविनाला निघालेल्या नवख्या माणसाला त्या गावाची हकीकत सांगत बसला आहे. तो बिअर पितो आणि बजावतो की तिकडे ही मिळणार नाही. मिळेल ते गावकऱ्यांनी ओहासे नावाच्या वनस्पतीपासून केलेले मेस्कल. येथे मेस्कल प्रतीक नाही, विलासही नाही. माणसे हाताशी जे असेल त्यातून जे गाळतात त्याचे ते साधे नाव आहे. आज त्या मद्याची बाटली भरली तर तिच्यावर रुल्फोने वापरलेला शब्द लिहिता येणार नाही. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. 'पेद्रो पारामो'च्या आधी प्रसिद्ध झालेल्या अंशात कोमाला या गावाचे नाव तुश्काकुएस्को असे होते. तुश्काकुएस्को हे दक्षिण हालिस्कोतील खरे गाव, आणि त्या टापूतील गाळीव मद्याला आजही 'तुश्का' म्हणतात. लेखकाने नाव बदलले ते कृतीला अधिक खरे करण्यासाठी. कायद्याने नाव बदलायला लावले ते मात्र अस्तित्वात असलेल्या गोष्टीला अदृश्य करण्यासाठी.

अर्थात, याची दुसरी बाजू मांडली नाही तर ते अन्यायाचे होईल. संरक्षण नसते तर कोणत्याही देशातील कारखान्याने साखरेच्या दारूवर 'मेस्कल' छापले असते. २०१६ च्या मानकाने मेस्कलचे तीन वर्ग केले आणि त्यांतील 'पूर्वापार' वर्गासाठी खड्ड्याची भट्टी, मातीची भांडी आणि प्रत्यक्ष आच यांची अट घातली. मडक्यावर गाळणाऱ्या कारागिराला कायद्याच्या भाषेत प्रथमच वेगळी ओळख मिळाली. प्रमाणित मेस्कलचे उत्पादन २०११ मधील सुमारे दहा लाख लिटरांवरून २०२२ मध्ये एक कोटी चाळीस लाख लिटरांपर्यंत गेले, त्यातून अनेक ओस पडू लागलेल्या गावांत काम आले. परंतु त्याच मागणीपायी रानटी अगाव्हे डोंगरांवरून झपाट्याने नाहीशी होत आहेत आणि प्रमाणपत्राचा खर्च लहान कारागिराला परवडत नाही. म्हणून हद्दीतले कित्येक जणही आता बाटलीवर 'अगाव्हेचे गाळीव मद्य' एवढेच लिहितात. ज्यांना नाव वापरण्याचा हक्क मिळू शकतो त्यांनीच ते सोडावे, यात या व्यवस्थेविषयीचा पुरेसा अभिप्राय आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या अगाव्हेपासून गाळलेले मद्य २०११ पासून गोव्यात विकले जाऊ लागले. ते टकीला म्हणून विकता येत नाही आणि तसे विकले जाऊही नये. टकीला हे नाव भारतातही भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेले आहे. पण त्याच गोव्यात काजूची फेणी आहे. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. तरी फेणी गोव्याची, कारण तिच्यामागे पिढ्यांची भट्टी आणि पिढ्यांचे शब्द आहेत. तिला २००९ मध्ये मानांकन मिळाले ते या आधारावर. घायपात शेकडो वर्षे आपल्या बांधावर उभे राहूनही त्याच्या मद्याला मराठीत नाव नाही, कारण आपण त्याचा वाख काढला, गाभा कधी भाजला नाही. नाव हे असे कृतीच्या मागून येते. कृती करणाऱ्यांच्या तोंडी ते घडते.

मेश्काल्ली म्हणजे शिजवलेले अगाव्हे. या शब्दात प्रदेश नाही, प्रमाणपत्र नाही. एक वनस्पती आहे आणि तिच्यावर माणसाने केलेला एक संस्कार आहे. जो कोणी तो संस्कार करतो, त्याचा तो शब्द, एवढाच त्याचा मूळचा न्याय होता. कोलिमाच्या ज्वालामुखीच्या उतारावर तो न्याय आजही बोलण्यात चालतो. गावात कोणी बाटली घेऊन आला की तिच्यात काय आहे, हे सांगताना तेथे कोणी 'अगाव्हेचे गाळीव मद्य' असे म्हणत नाही.